जुनं हिब्रू प्रार्थनापुस्तक हातात आलं तर काय करायचं, मेणाच्या डागापासून शेवटच्या सहीपर्यंत

आधीच सांगून टाकतो, मी ज्यू नाही आणि हिब्रूचा पंडित तर मुळीच नाही. बाहेरदेशी एका लायब्ररीत दोन वर्षं जुन्या पुस्तकांच्या नोंदी करायचं काम केलं, तिथे हिब्रूची दोन कपाटं होती, त्यांना कुणी हात लावत नव्हतं, मग नवा माणूस म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. पहिल्याच आठवड्यात मी एक शहाणपणा केला. किनोतच्या एका पुस्तकात (किनोत म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकदिवशी म्हणायची गाणी) एका पानावर मेणाचा जाड डाग होता, तो मी नखाने हळूच खरवडून काढला आणि कागदाला काही झालं नाही म्हणून खूशही झालो. आमच्या सीनियर बाई मागे उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, की त्या रात्री लोक जमिनीवर बसून मेणबत्तीच्या उजेडात हे वाचतात, तू आत्ता वाचणाऱ्याची जागा पुसलीस.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. या पुस्तकांत छापलेला मजकूर बऱ्याचदा इतर प्रतींतही मिळतो, पण ते कुणी वापरलं, कुठे नेलं, कुणी विकलं, कुणी हिसकावलं हे फक्त त्या एका प्रतीवर असतं, आणि ते असतं नेमकं मळक्या, डागाळलेल्या, गिरगटलेल्या जागी. खाली जे लिहितोय ते त्याच क्रमाने, जसं मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पायरी १: काहीही साफ करू नका

हात धुवा, कोरडे करा, बस. सिनेमात दाखवतात तसे पांढरे कापडी हातमोजे घालू नका, बोटांना पान कळत नाही आणि फाटतं. पुस्तक सपाट उघडून दाबू नका, दोन्ही बाजूंना घडी केलेले टॉवेल ठेवा म्हणजे पाठीच्या शिवणीवर ताण येत नाही. टेबलावर फक्त पेन्सिल, पेन नको, चहा तर नकोच. सेलोटेप दिसला तर तो ओढून काढायचा मोह होईल, नका काढू. जुन्या वहीची पानं, सुकलेलं फूल, चिठ्ठी, बसचं तिकीट, जे काही आत सापडेल ते कुठल्या दोन पानांमध्ये होतं ते आधी लिहून ठेवा, मगच उचला.

आणि फोटो काढा, सगळ्यात आधी. कोरी पानं, पुठ्ठ्याची आतली बाजू, शेवटचं पान, बांधणीची पाठ, हे सगळं. लोक फक्त शीर्षकपानाचा फोटो काढतात, तोच सगळ्यात कमी कामाचा.

पायरी २: पुस्तक सरळ धरा

हसू नका, मी स्वतः उलटं धरलंय. हिब्रू उजवीकडून डावीकडे, म्हणजे आपल्याला जे शेवटचं पान वाटतं ते पहिलं. मग कुठल्या जातीचं पुस्तक आहे ते बघा. सिद्दूर म्हणजे रोजच्या आणि शब्बाथच्या (शनिवारच्या पवित्र दिवसाच्या) प्रार्थना, माहझोर म्हणजे सणांच्या, सेलिहोत म्हणजे क्षमायाचनेच्या, हगादा म्हणजे पेसाह सणाच्या (इजिप्तमधून सुटकेचा सण) रात्री घरी जेवणाच्या पानावर वाचायची. हगादावर वाइनचे डाग असतात, माहझोरवर मेण, आणि सिद्दूर कोपऱ्यात बोटांनी काळा झालेला असतो. जुनी माणसं पोथीच्या पानाचा मळ बघून कुठला अध्याय जास्त वाचला जातो ते ओळखायची ना, तसंच.

ही पुस्तकं दुर्मिळ का, याचं कारणही इथेच आहे. जाडजूड तालमूद (ज्यू धर्मनियमांवरच्या चर्चेचा मोठा ग्रंथ) किंवा कायद्याचा ग्रंथ कपाटात राहतो, वर्षातून चार वेळा निघतो. सिद्दूर दिवसातून तीन वेळा हातात. तो वापरून वापरून संपतो, आणि देवाचं नाव असलेलं पुस्तक रद्दीत टाकता येत नाही म्हणून ते गेनिझामध्ये, म्हणजे जीर्ण पुस्तकांच्या कोठडीत ठेवतात आणि पुढे पुरतात. आपण जीर्ण पोथी नदीत सोडतो तसंच हे. त्यामुळे एखाद्या आवृत्तीच्या शेकडो प्रती छापल्या असल्या तरी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरलेल्या असू शकतात.

पायरी ३: वर्ष आणि गाव काढा, पण शीर्षकपानावर विश्वास ठेवू नका

पंधराव्या शतकातल्या हिब्रू पुस्तकांना आजच्यासारखं शीर्षकपान नसायचंच. माहिती असेल तर शेवटी, आपल्या हस्तलिखितांत पुष्पिका असते तशी. छापखाना, गाव, कधी सुरू केलं, कधी संपवलं. तारीख असलेली पहिली छापील हिब्रू पुस्तकं १४७५ ची, दोन्ही इटलीतली, एक रेज्जो दि कालाब्रियाचं आणि एक पिओवे दि साकोचं. पहिला छापील माहझोर मात्र सोंचिनो घराण्याचा, रोमच्या विधीप्रमाणे, उत्तर इटलीतल्या सोंचिनो गावात १४८५ च्या शरदात सुरू केला आणि कासालमाज्जोरेला ऑगस्ट १४८६ मध्ये संपवला. गंमत म्हणजे हिब्रू कालगणनेत हे दोन्ही एकाच वर्षात येतं, ५२४६. नवशिक्याची पहिली चूक होते ती इथेच.

वर्ष आकड्यात नसतं, अक्षरांत असतं. आलेफ १, बेत २, गिमेल ३ असं करत योद १०, मग काफ २०, लामेद ३०, मेम ४०, नून ५०, सामेख ६०, आयिन ७०, पे ८०, त्सादी ९०, मग कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. बहुतेक वेळा हजाराचा आकडा सोडून देतात, त्याला लिफ्रात काटान म्हणजे छोटी गणना म्हणतात आणि वर्षाच्या पुढे लामेद-पे-कोफ ही तीन अक्षरं टाकतात. ती दिसली की ती सोडून वर्षाच्या अक्षरांची बेरीज करा आणि १२४० मिळवा. रेश-मेम-वाव म्हणजे २०० अधिक ४० अधिक ६, झाले २४६, त्यात १२४० टाकले की १४८६. शिन-पे-झायिन म्हणजे ३८७, झालं १६२७. आपल्याला हे अवघड वाटायचं कारण नाही, शके १७९६ दिसलं की ७८ मिळवून १८७४ आपण तोंडी करतोच, आणि शक चैत्रात बदलतो म्हणून जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात हेही माहीत असतं. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं, म्हणून वर्षाच्या सुरुवातीच्या तीनेक महिन्यांत बेरजेतून एक वजा करायचा. महिन्याचं नाव सापडलं नाही तर दोन्ही वर्षं लिहा, १४८५ किंवा १४८६ असं.

अजून एक चावटपणा करायचे. वर्ष सरळ न लिहिता बायबलमधलं एखादं वाक्य छापायचे आणि त्यातली काही अक्षरं मोठी किंवा डोक्यावर टिंब दिलेली. बेरीज फक्त त्याच अक्षरांची करायची. मी एकदा सगळ्याच अक्षरांची केली आणि पुस्तक अजून छापायचंच आहे असं उत्तर आलं.

गावाचं तर विचारूच नका. आम्स्टरडॅममध्ये पहिलं हिब्रू पुस्तक मेनासे बेन इस्राएल या ज्यू धर्मगुरूने १६२७ च्या जानेवारीत छापलं, आणि तेही प्रार्थनापुस्तकच होतं, सेफार्दी म्हणजे मूळच्या स्पेनमधल्या ज्यूंचं सिद्दूर. पुढे आम्स्टरडॅमच्या छपाईच्या खिळ्यांचं एवढं नाव झालं की जर्मनीतले छोटे छापखाने शीर्षकपानावर 'बेओतियोत आम्स्टरडॅम', म्हणजे 'आम्स्टरडॅमच्या अक्षरांत', असं छापायचे, त्यात 'अक्षरांत' हा शब्द मुंगीएवढा आणि आम्स्टरडॅम हत्तीएवढं. खरं गाव खाली कोपऱ्यात. आपल्याकडे 'पुणेरी' लिहिलेलं सगळं कुठे पुण्याचं असतं.

पायरी ४: कुणाच्या विधीचं आहे ते बघा

शीर्षकपानावर 'के-मिनहाग' असा शब्द शोधा, म्हणजे 'अमक्यांच्या रिवाजाप्रमाणे'. अश्कनाज म्हणजे जर्मन-पोलिश, सेफाराद म्हणजे स्पेनमधून हाकललेले, रोमा म्हणजे इटालियन, रोमानिया म्हणजे जुने ग्रीक-बायझंटाइन (आजचा रोमानिया देश नव्हे, हेही मी चुकलोय). हे महत्त्वाचं का, तर पहिला ग्राहक कोण होता ते यावरून कळतं. व्हेनिसमध्ये डॅनियल बॉम्बर्ग नावाचा अँटवर्पचा ख्रिश्चन व्यापारी हिब्रू छापायचा, त्याच्या छापखान्यातून १५२७ साली अलेप्पोच्या विधीचा माहझोर निघाला. सीरियातल्या लोकांसाठी पुस्तक इटलीत छापून समुद्रमार्गे न्यायचं. पुढे अलेप्पोतला तो जुना विधी सेफार्दी विधीपुढे मागे पडला, त्यामुळे ते पुस्तक वापरातून गेलं आणि आज त्याची प्रत मिळणं फार अवघड.

तसंच कोचीनचं. तिथल्या ज्यूंच्या रिवाजाचं, म्हणजे शिंगलीच्या रिवाजाचं प्रार्थनापुस्तक १७५७ साली आम्स्टरडॅममध्ये छापलं गेलं. शिंगली म्हणजे क्रांगनोर, आजचं कोडुंगल्लूर. डच व्यापाराच्या वाटेवरून हस्तलिखित तिकडे गेलं आणि छापील गठ्ठे इकडे आले.

विधी हिब्रूत असला तरी पुस्तक हिब्रूत असेलच असं नाही. फेरारामध्ये १५५२ साली स्पॅनिश भाषेत प्रार्थनापुस्तक छापलं गेलं, रोमन लिपीत. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना जबरदस्तीने ख्रिश्चन केलं होतं आणि जे आता परत आपल्या धर्मात येत होते त्यांना हिब्रू वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी. असं पुस्तक हातात आलं तर त्याचा पहिला मालक काय अवस्थेत होता हे वेगळं सांगायला नको.

पायरी ५: पानं मोजा

हे कंटाळवाणं आहे, उरकून टाका. पानांवर नंबर असतील तर ते हिब्रू अक्षरांत आणि पानाच्या एकाच बाजूला असतात, म्हणजे ते पृष्ठांक नव्हेत, पत्रांक. खालच्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो, तो जुळतो का बघत जा. पहिली आणि शेवटची पानं सगळ्यात जास्त वेळा गायब असतात आणि कुणीतरी दुसऱ्या प्रतीतली आणून चिकटवलेली असू शकतात. कागद उजेडासमोर धरा, जाळीच्या रेघा आणि पाणखूण (वॉटरमार्क) दिसते, सगळ्या पुस्तकात एक आणि पहिल्या पानात वेगळी निघाली तर शंका घ्या.

पायरी ६: शेवटच्या पानावर इटालियन सही शोधा

९ सप्टेंबर १५५३ ला रोमच्या काम्पो दे फिओरी चौकात तालमूदच्या प्रती जाळल्या. ज्यूंचं नवीन वर्ष त्याच दिवशी होतं, दिवसही बघून निवडलेला. त्यानंतर इटलीत बाकीच्या हिब्रू पुस्तकांची तपासणी सुरू झाली. प्रार्थनापुस्तकांवर सरसकट बंदी नव्हती पण ती सेन्सॉरकडे नेऊन दाखवायची, तो आक्षेपार्ह शब्द शाईने खोडायचा, शेवटी सही करून साल टाकायचा, आणि या कामाचे पैसेही पुस्तकाच्या मालकाकडूनच घ्यायचे.

या सह्या ओळखता येतात, चार-पाच नावं पाठ केली की झालं. दोमेनिको जेरोसोलिमितानो (स्वतः जेरुसलेमचा, आधी ज्यू होता, मग ख्रिश्चन झाला, १५९६ मध्ये कुठल्या पुस्तकात काय खोडायचं याची हिब्रूत यादीच केली), लुईजी दा बोलोन्या, कामिल्लो याघेल, जोव्हान्नी दोमेनिको कारेत्तो, रेनातो दा मोदेना. सोळाव्या शतकाच्या शेवटापासून सतराव्याच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत ही मंडळी सगळीकडे दिसतात. बऱ्याचदा एकाच पानावर तीन-तीन सह्या एकाखाली एक. म्हणजे बिचाऱ्या मालकाला तीनदा पैसे भरावे लागले.

आपल्या दृष्टीने ही सही म्हणजे सोनं. 'रेविस्तो' म्हणजे तपासलं, खाली नाव आणि १६१३ असं लिहिलेलं असेल तर ते पुस्तक त्या वर्षी इटलीत होतं हे पक्कं, मग ते छापलं कुठेही असो. इस्तंबूलला छापलेल्या पुस्तकावर इटालियन सेन्सॉरची सही दिसली की प्रवासाचा एक टप्पा आपोआप मिळाला.

काय खोडलंय तेही बघा. आलेनू नावाची प्रार्थना असते, प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी म्हणायची, त्यात इतर लोक 'पोकळ आणि व्यर्थ गोष्टींना नमन करतात' असं एक वाक्य आहे. चर्चला वाटायचं हे आपल्यालाच. ते वाक्य काही प्रतींत खोडलेलं, काहींत छापतानाच जागा कोरी सोडलेली, आणि प्रशियात (तेव्हाचं एक जर्मन राज्य) तर १७०३ मध्ये राजाने हुकूमच काढला की हे म्हणायचं नाही. त्या कोऱ्या जागेत कुणी हाताने वाक्य परत लिहिलंय का बघा. मी असं एक पान पाहिलंय, बारीक तपकिरी अक्षरात, समासात नव्हे, बरोब्बर त्याच जागेत. खोडणाऱ्याची शाईही कधी कधी इतकी फिकी पडलीय की खालचं छापील अक्षर आज सरळ वाचता येतं, आणि कधी उलट, शाईतल्या आम्लाने कागदच जळून खिडकी पडलेली असते.

पायरी ७: आता खरे मालक

कोरी पानं, पुठ्ठ्याची आतली बाजू, शीर्षकपानाचे समास. इथे वेळ काढा, अख्खा दिवस गेला तरी चालेल.

सगळ्यात जास्त वेळा भेटणारं वाक्य म्हणजे 'लेओलाम यिख्तोव आदाम शेमो अल सिफ्रो', माणसाने नेहमी आपल्या पुस्तकावर नाव लिहावं, नाहीतर बाजारातून कुणीतरी येईल आणि हे माझं आहे म्हणेल. आणि मग खाली नाव. आपल्या पोथ्यांच्या शेवटी 'तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्, मूर्खहस्ते न दातव्यम्' असतं ना, भीती तीच, पुस्तक जाईल. फक्त आपल्याला मूर्खाची भीती आणि त्यांना बाजाराची. दुसरा एक प्रकार म्हणजे 'कानिती मेहोनी लिख्वोद कोनी', माझ्या पैशाने माझ्या निर्मात्याच्या मानासाठी विकत घेतलं, यात 'विकत घेतलं' आणि 'निर्माता' हे शब्द एकाच धातूतून आलेत म्हणून ते कानाला छान लागतं. तिसरा, 'पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं देवाचं', हे स्तोत्रातलं वाक्य, आणि पुढे 'पण हे पुस्तक त्याने मला दिलंय', म्हणजे देवाचा हक्क मान्य करून लगेच स्वतःचाही लावायचा.

नवशिक्याने हे सुरुवातीला वाचू नये, ओळखावं. ठरलेलं वाक्य ओळखलं की उरलेलं जे आहे ते नाव, वडिलांचं नाव आणि गाव. 'बेन' म्हणजे मुलगा, 'बात' म्हणजे मुलगी. नावापुढे दोन-तीन अक्षरांवर तिरपी खूण दिसली की ते संक्षिप्त रूप. झायिन-लामेद म्हणजे त्याची आठवण आशीर्वादरूप राहो, म्हणजे तो माणूस वारलेला. हे साधं वाटतं पण वडिलांच्या नावापुढे ते एका सहीत नाही आणि पुढच्या सहीत आहे, तर मधल्या काळात वडील गेले, मुलाने पुस्तक ठेवून घेतलं, एवढं दोन अक्षरांतून निघतं.

अक्षराचं वळण गाव सांगतं. जर्मनी-पोलंडचं हस्ताक्षर टोकदार, उभं, सेफार्दी हात गोल आणि जोडलेला, जवळपास अरबीसारखा वाहता, इटालियन त्या दोघांच्या मधला. वाचता नाही आलं तरी चालेल, तीन प्रकारचे फोटो शेजारी ठेवून तुलना करा, महिनाभरात डोळा बसतो. एकाच पुस्तकात छपाई व्हेनिसची, सही इटालियन हाताची आणि तिच्याखाली दुसरी सेफार्दी हाताची असेल तर पुस्तक पूर्वेकडे गेलं असं समजायला हरकत नाही, पण लिहिताना 'बहुधा' लिहा. माणसंही स्थलांतर करायची, पुस्तकच नुसतं नाही.

पुसलेली सही हा वेगळा प्रकार. विकताना जुना मालक स्वतःचं नाव खोडायचा, किंवा चोरणारा खोडायचा. तिरप्या उजेडात बघा, खरवडलेल्या कागदाचा पोत वेगळा दिसतो, आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली गेलेली शाई बऱ्याचदा परत दिसते.

जन्माच्या नोंदी असतील तर त्यांची वेगळी यादी करा. अमक्या दिवशी मुलगा झाला, आठव्या दिवशी सुंता, अमकी मुलगी तमक्या शब्बाथला. आपल्याकडे पंचांगाच्या समासात असायच्या तशा. बायकांची नावं नेमकी इथेच सापडतात, एरवी सह्यांमध्ये कमी. आणि लहान मुलांनी गिरवलेलं आलेफ-बेत, बदकासारखं काहीतरी काढलेलं, हे 'गिरगटलेलं' म्हणून सोडून देऊ नका, मुलांच्या हातात पुस्तक जात होतं हीसुद्धा माहितीच आहे.

पायरी ८: शिक्के, बुकप्लेट (मालकाच्या नावाची छापील चिठ्ठी) आणि मोठे गिऱ्हाईक

साध्या घरांतून निघालेली ही पुस्तकं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मोठ्या संग्राहकांकडे गोळा व्हायला लागली. प्रागचे मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) डेव्हिड ओपेनहाइम, मृत्यू १७३६, त्यांनी हजारो पुस्तकं जमवली पण प्रागला सेन्सॉरची भीती म्हणून संग्रह ठेवला हॅनोव्हरला, म्हणजे मालक एका गावात आणि पुस्तकं दुसऱ्या. शेवटी १८२९ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीने तो सगळा ९,००० थालरला (तेव्हाचं जर्मन नाणं) घेतला. पार्मात जोव्हान्नी बेर्नार्दो दे रोस्सी नावाचे ख्रिश्चन प्राध्यापक-धर्मगुरू होते, त्यांचा संग्रह आज तिथल्याच पालातिना लायब्ररीत आहे. त्यामुळे हिब्रू पुस्तकावर लॅटिन टिपणं दिसली तर गोंधळू नका, हिब्रू शिकणारे ख्रिश्चन विद्वान हाही मालकांचा एक मोठा वर्ग.

बांधणी बघून मात्र फसायला होतं. लंडनमधल्या सोलोमन दा कोस्टा नावाच्या दलालाने १७५९ मध्ये नुकत्याच उघडलेल्या ब्रिटिश म्युझियमला १८० च्या आसपास हिब्रू पुस्तकं दिली. त्यांच्या बांधणीवर राजा दुसऱ्या चार्ल्सचं चिन्ह आहे. पण ती राजाकडे कधी पोचलीच नाहीत, बांधून झाली आणि दुकानातच पडून राहिली असं सांगतात.

आपल्या जवळचं उदाहरण डेव्हिड सॉलोमन ससून यांचं. जन्म मुंबईचा, १८८० चा. आई फ्लोरा ससून, नवरा वारल्यावर मुंबईत तिने स्वतः कंपनीचा कारभार चालवला आणि १९०१ मध्ये लंडनला गेली. मुलाने जगभरातून हिब्रू हस्तलिखितं जमवली. १९२९ मध्ये त्यांनी घेतलेलं बायबलचं जुनं हस्तलिखित मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कला ३ कोटी ८१ लाख डॉलरला विकलं गेलं. ते हस्तलिखित आहे, आपल्या विषयातलं छापील पुस्तक नव्हे, पण त्यावरही विक्रीच्या नोंदी आहेत आणि त्यांवरूनच त्याचा प्रवास लागला.

आता जो भाग आहे तिथे जरा सावकाश. युरोपातल्या पुस्तकावर ज्यू शाळेचा, सिनेगॉगचा (ज्यू प्रार्थनागृहाचा), सेमिनरीचा (धर्मगुरूंच्या विद्यालयाचा) शिक्का असेल आणि त्यानंतर १९३३ ते १९४५ च्या मधे काहीच नसेल, तर थांबा. नाझींनी लायब्ररीच्या लायब्ररी लुटल्या. आम्स्टरडॅमची रोझेंथालियाना लायब्ररी जर्मनीत नेली आणि युद्धानंतर परत आली. १९४६ मध्ये अमेरिकन सैन्याने फ्रँकफर्टजवळ ऑफेनबाखला डेपो उघडला, तिथे तीसेक लाख पुस्तकं आणि कागद येऊन पडले होते, तिथल्या लोकांनी शिक्के आणि बुकप्लेटचे फोटो काढून आल्बमच केले, कुठला शिक्का कुठल्या गावचा ते कळावं म्हणून. ज्यांचे मालक सापडले नाहीत अशी पाच लाखांच्या आसपास पुस्तकं ज्युइश कल्चरल रिकन्स्ट्रक्शन या संस्थेने जगभर वाटली, तत्त्वज्ञ हॅना आरेंट तिथे काम बघायची. त्या पुस्तकांत संस्थेच्या नावाची एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली असते. ती दिसली तर याचा अर्थ, हे पुस्तक ज्यांचं होतं त्यांना शोधलं आणि कुणी मिळालं नाही. चिठ्ठी नाही आणि शिक्का मात्र आहे असं असेल तर ते पुस्तक विकत घेऊ नका, विकू नका, आधी ज्या गावचा शिक्का आहे तिथल्या लायब्ररीला किंवा म्युझियमला फोटो पाठवून विचारा. खासगी नाव असेल तर याद वाशेमच्या, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या जेरुसलेममधल्या स्मारकाच्या, नावांच्या यादीत बघा. मला एकदा मिळालं होतं. त्या दिवशी पुढे काही काम झालं नाही.

पायरी ९: महाराष्ट्रात सापडलं असेल तर

मला निरोप येतात, अलिबागकडे, पेणला जुन्या पेटीत 'फार प्राचीन' हिब्रू पुस्तक सापडलंय, किती मिळतील. दमाने घ्या. ते १४८६ चं नसतं. बहुतेक वेळा एकोणिसाव्या शतकातलं असतं, कधी इटलीतल्या लिव्होर्नोचं, कारण तिथले छापखाने पूर्वेकडच्या ज्यूंना पुस्तकं पुरवायचे, कधी लंडनचं, आणि नशीब असेल तर मुंबई-पुण्याचं. या शेवटच्यालाच मी नशीब म्हणतो. मुंबईत १८४६ मध्ये शिळाप्रेसवर (दगडावरून छापायचा छापखाना) हगादा निघाली, मराठी भाषांतरासकट. पुण्यात १८७४ मध्ये चित्रांची हगादा निघाली, एका बाजूला हिब्रू, बरोबर मराठी, आणि चित्रात बेने इस्राएल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) बायका साड्या नेसून पेसाहची बिनखमिराची भाकरी करतायत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी तर आयुष्यभर प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. वयाने ही पुस्तकं लहान असली तरी मिळायला काही सोपी नाहीत, लंडनचे जॅक लुन्झर यांच्या व्हॅल्माडोना संग्रहातही भारतात छापलेली हिब्रू पुस्तकं आवर्जून जमवलेली होती, तो संग्रह २०१७ मध्ये इस्रायलच्या राष्ट्रीय लायब्ररीकडे गेला.

इथल्या मालकांची ओळख सोपी. हिब्रू अक्षरांतलं आडनाव काफ-रेश किंवा कोफ-रेश, म्हणजे 'कर' ने संपलं, की पेणकर, दिवेकर, नवगावकर, किहीमकर यांपैकी काहीतरी, आणि गाव आडनावातच. युरोपातल्या लोकांना हे कोडं वाटतं, आपल्याला दोन सेकंद लागतात, म्हणून मराठी माणसाने यात यावं असं मला फार वाटतं. 'मशीद' असा उल्लेख दिसला तर दचकू नका, बेने इस्राएल लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे, मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेल्या सिनेगॉगवरूनच मशीद बंदर नाव पडलं असं म्हणतात.

पुस्तक अजून कुटुंबात असेल तर त्यांच्याकडेच राहू द्या, फक्त फोटो मागा. परदेशी पाठवायचं म्हणत असतील तर त्याआधी १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो का ते पुरातत्त्व खात्यात विचारून घ्या.

पायरी १०: नोंद लिहा

इस्रायलच्या राष्ट्रीय लायब्ररीची ऑनलाइन यादी आहे, त्यात गाव आणि वर्ष टाकून आवृत्ती शोधा, फुकट आहे, पानांचा आकडा तिथून ताडून बघा. मालकांसाठी कोलंबिया युनिव्हर्सिटीचा फूटप्रिंट्स नावाचा प्रकल्प आहे, एकेका प्रतीचा कुठल्या साली कुठे आणि कुणाकडे असा माग त्यात नोंदवतात, तुमच्याकडची सही तिथे आधीच असू शकते, नसली तर पाठवता येते.

नोंद अशी: गाव, छापखाना, हिब्रू वर्ष आणि इसवी सन, विधी, पानं किती आणि कुठली नाहीत, मग सह्या जुन्यापासून नव्यापर्यंत, जशा दिसतात तशा, वाचता न आलेल्या शब्दाच्या जागी टिंबं. अंदाज असेल तर अंदाज म्हणून लिहा. शेवटी डाग, कुठल्या पानावर, कशाचे. त्या किनोतच्या पुस्तकाची नोंद मीच केली, तिच्यात शेवटची ओळ आहे, 'मेणाचा डाग, नोंद करणाऱ्याने खरवडला', आणि खाली तारीख.